मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांतील दोषावर कॅथेटरद्वारे उपचार : रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी मार्गदर्शिका

मज्जारज्जूला रक्त पोहोचवणाऱ्या आणि तेथून ते परत नेणाऱ्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की त्यांतील बिघाड बहुधा उशिरा लक्षात येतो. मात्र एकदा तो लक्षात आला की, पाठीला छेद न देता, जांघेतील किंवा मनगटाजवळील धमनीतून बारीक नळी (कॅथेटर) आत नेऊन आणि तिच्यातून सदोष वाहिनी बंद करणारा पदार्थ सोडून त्यावर उपचार करणे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत शक्य असते. या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. ज्यांना असा दोष असल्याचे सांगण्यात आले आहे किंवा ज्यांच्या एमआरआय अहवालात त्याची शंका व्यक्त झाली आहे, अशा रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. बाहेरून दिसणारी टोचणीची खूण दोन-तीन मिलिमीटरची असली तरी उपचार किरकोळ नाही. त्याचे यश नळी किती आत गेली यापेक्षा तिच्यातून सोडलेला पदार्थ नेमका कुठे जाऊन थांबला यावर अवलंबून असते. एवढी एक गोष्ट पक्की समजून घेतली, तर निर्णयाच्या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांना काय विचारायचे हे ठरवणे सोपे जाते.

आधी दोषाचा प्रकार विचारून घ्यावा

‘मणक्यातील रक्तवाहिन्यांचा दोष’ हे एकच निदान नव्हे, आणि प्रकार बदलला की उपचारही बदलतो. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्ट्यूला, ज्याला बोलताना ‘ड्युरल फिस्ट्यूला’ म्हटले जाते. मज्जारज्जूच्या अशा दोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष या एकाच प्रकारचे असतात. तो प्रामुख्याने पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत आढळतो. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांतील प्रमाण जवळपास पाचपट असते. हा दोष जन्मजात नसून आयुष्यात पुढे केव्हातरी निर्माण होतो, असे मानले जाते.

निरोगी अवस्थेत धमनीतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपत शिरांमध्ये येते आणि या प्रवासात त्याचा दाब उतरतो. ड्युरल फिस्ट्यूलामध्ये, मज्जारज्जूतून निघणारी चेतामुळी ज्या ठिकाणी बाहेरचे जाड आवरण भेदून जाते, तेथे एक बारीकशी धमनी मधले जाळे वगळून थेट शिरेला जोडली जाते. प्रवाह फार मोठा नसतो, पण धमनीच्या दाबाचे रक्त शिरेत शिरल्यामुळे ती उलट्या दिशेने, म्हणजे मज्जारज्जूकडे, वाहू लागते. पाण्याला निचऱ्याची वाट उरली नाही की शेत जसे चिबडते, तसा मज्जारज्जू आतून सुजत जातो, त्याच्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो आणि पायांची ताकद, संवेदना व मूत्राशयावरील ताबा हळूहळू कमी होतो. या अवस्थेचे वर्णन फ्वा आणि आलाजुआनीन या फ्रेंच वैद्यांनी 1926 मध्ये केले होते. परंतु मूळ जोड मज्जारज्जूत नसून त्याच्या आवरणात आहे, हे केंडल आणि लॉग यांनी 1977 मध्ये दाखवून दिले, तेव्हा उपचाराचे लक्ष्य एकदम लहान आणि स्पष्ट झाले. मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरील फुगलेल्या शिरा खरवडून काढण्याची गरज उरली नाही. जोड आणि त्याला लागून असलेला शिरेचा सुरुवातीचा तुकडा बंद केला, की पुरते.

बाकीचे प्रकार दुर्मीळ आहेत. मज्जारज्जूच्या आत वाहिन्यांचा गुंता असेल तर त्याला एव्हीएम म्हणतात. तो तरुण वयात, कधी बालपणीही दिसून येतो आणि पाठीत सुरा खुपसल्यासारखी अचानक वेदना व त्यापाठोपाठ पक्षाघात, अशा रक्तस्रावाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरील फिस्ट्यूलांना खुद्द मज्जारज्जूच्याच धमन्यांतून रक्त मिळते, त्यामुळे तेथे नळीद्वारे उपचार करताना धोका अधिक असतो. कॅव्हर्नोमा नावाची गाठ अँजिओग्राफीत बहुधा दिसतच नाही आणि तिच्यावर एम्बोलायझेशनचा उपयोग होत नाही. पुढील मजकूर मुख्यतः ड्युरल फिस्ट्यूलाला धरून आहे. एव्हीएमच्या बाबतीत जेथे फरक पडतो, तेथे तसा उल्लेख केला आहे.

लक्षणांची नोंद कशी ठेवावी

या आजाराची अडचण अशी की त्याची लक्षणे इतर, अधिक सामान्य आजारांसारखी दिसतात. चालताना पाय जड होणे, तळव्यांपासून वर चढत जाणारा बधिरपणा, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, बद्धकोष्ठता, लैंगिक दुर्बलता, कमरेत किंवा पायांत दुखणे, यांपैकी प्रत्येक तक्रारीला वयाच्या साठीत दुसरे तयार स्पष्टीकरण उपलब्ध असते. पाय जड होण्याला मणक्यांची झीज, लघवीच्या त्रासाला प्रोस्टेट आणि बधिरपणाला मधुमेह जबाबदार धरला जातो. परिणामी अचूक निदान होईपर्यंत कित्येक महिने, काही वेळा दोन-तीन वर्षेही निघून जातात. पाय आणि मूत्राशय यांच्या तक्रारी एकत्र वाढत असतील, चालल्यानंतर किंवा बराच वेळ उभे राहिल्यानंतर त्या बळावत असतील, आणि कमरेवर केलेल्या उपचारांनी फरक पडत नसेल, तर मज्जारज्जूची तपासणी झाली आहे का, असे स्पष्ट विचारावे.

नोंद ठेवण्यासाठी अमिनॉफ-लॉग मापन पद्धतीचा सोप्या रूपात वापर करता येतो, कारण डॉक्टरही उपचारापूर्वीची आणि नंतरची स्थिती बहुधा याच पद्धतीने मोजतात. चालण्यासाठी 0 ते 5 अशा श्रेणी आहेत. चाल पूर्ववत असल्यास 0, पायांत अशक्तपणा आहे पण व्यवहारात अडचण नाही असे असल्यास 1, हालचालींवर मर्यादा आल्यास 2, एक काठी लागत असल्यास 3, दोन काठ्या किंवा कुबड्या लागत असल्यास 4 आणि चाकाची खुर्ची लागत असल्यास 5. लघवीसाठी 0 ते 3 श्रेणी आहेत. त्यांत 1 म्हणजे घाई होणे, वारंवार लागणे किंवा सुरू होण्यास अडखळणे, 2 म्हणजे अधूनमधून नकळत होणे किंवा तुंबणे, आणि 3 म्हणजे ताबा पूर्णपणे जाणे. दर आठवड्याला तारखेसह हे दोन आकडे लिहून ठेवले, तर बिघाडाचा वेग कागदावर दिसतो; आणि उपचार किती लवकर हवा, हे ठरवताना त्या वेगालाच महत्त्व असते.

येथे एक इशारा आवर्जून द्यायला हवा. मज्जारज्जूला सूज दिसली की ती दाहामुळे आली असावी, असे समजून शिरेवाटे स्टिरॉइडचे मोठे डोस देण्याचा प्रघात आहे. ड्युरल फिस्ट्यूलाच्या रुग्णांत अशा डोसनंतर काही तासांत किंवा दिवसांत पायांची ताकद एकाएकी कमी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक आहेत. म्हणून निदान अनिश्चित असताना स्टिरॉइडचा प्रस्ताव आला, तर ‘रक्तवाहिन्यांचा दोष नाही, याची खात्री झाली आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. स्टिरॉइड घेतल्यानंतर त्रास वाढलेला असेल, तर तो योगायोग समजून सोडून न देता डॉक्टरांना सांगावा. निदानाच्या दृष्टीने ती मोलाची माहिती आहे.

एमआरआय अहवाल वाचताना

पहिली तपासणी एमआरआयची असते. त्यातील टी2 नावाच्या प्रकारच्या प्रतिमांमध्ये मज्जारज्जूच्या आत अनेक मणक्यांच्या उंचीएवढा पसरलेला पांढरा पट्टा आणि त्याच्या मागच्या बाजूस नागमोडी काळे ठिपके असे चित्र एकत्र दिसले, तर रेडिओलॉजिस्टला ड्युरल फिस्ट्यूलाची शंका येते. हे काळे ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरांतून वाहणारे रक्त. अहवालात त्यांना ‘फ्लो व्हॉइड’ म्हटलेले असते. पांढरा पट्टा बहुधा मज्जारज्जूच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचलेला असतो.

प्रत्यक्षात चूक होते ती अशी : पाय दुखतात म्हणून केवळ कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला जातो. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशी संपतो, त्यामुळे अशा प्रतिमेच्या वरच्या कडेला त्याचे टोक जेमतेम दिसते, आणि खाली झिजलेल्या चकत्या ठळक दिसत असल्या की नजर तेथेच खिळते. आपल्याकडे जुना कमरेचा एमआरआय असेल, तर त्या प्रतिमांच्या वरच्या कडेला दिसणारा मज्जारज्जू पुन्हा एकदा पाहण्याची विनंती करावी आणि नवीन एमआरआय पाठीच्या वरच्या भागासह, शक्य तर संपूर्ण कण्याचा काढून घ्यावा. आणखी एक बाब अशी की, सूज जेथे दिसते तेथेच फिस्ट्यूला असतो असे नाही. बहुसंख्य फिस्ट्यूला पाठीच्या मध्य व खालच्या भागात आणि कमरेच्या वरच्या भागात असतात, तरी काही माकडहाडाजवळ, तर काही थेट कवटीच्या तळाशी सापडतात.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत वाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शरीरात सोडायचे द्रव्य, देऊन काढलेल्या एमआर अँजिओग्राफीतून फिस्ट्यूलाच्या पातळीचा अंदाज येतो आणि पुढच्या तपासणीचा वेळ वाचतो. परंतु उपचाराचा निर्णय तिच्यावर घेता येत नाही. त्यासाठी डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, करावीच लागते. तीत नळीचे टोक महाधमनीतून निघणाऱ्या बरगड्यांच्या व कमरेच्या प्रत्येक धमनीच्या तोंडाशी, उजवीकडे आणि डावीकडे, आळीपाळीने टेकवून कॉन्ट्रास्ट सोडला जातो. संपूर्ण तपासणीत तीसहून अधिक धमन्या पाहाव्या लागू शकतात आणि त्यास दोन-तीन तास लागणे नवलाचे नाही. एका धमनीचे तोंड सापडले नाही आणि नेमका तेथेच फिस्ट्यूला असला, तर अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा येऊ शकतो. म्हणून डीएसए निर्दोष आली पण एमआरआय मात्र संशयास्पद आहे, अशा स्थितीत कोणत्या धमन्या पाहिल्या आणि कोणत्या राहिल्या, याची यादी मागावी. अनुभवी केंद्रे ही यादी स्वतःहूनच अहवालात देतात.

एम्बोलायझेशन की शस्त्रक्रिया

डीएसएमध्ये फिस्ट्यूला सापडला की पुढचा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो : फिस्ट्यूलाला रक्त देणाऱ्या धमनीतूनच मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनीही निघते का? अ‍ॅडमकिविक्झची धमनी या नावाने ओळखली जाणारी वाहिनी या संदर्भात कळीची आहे. ती बहुतेक व्यक्तींत डाव्या बाजूस, पाठीचा खालचा भाग आणि कमरेचा वरचा भाग यांच्या दरम्यान उगम पावते आणि प्रतिमेत केसांच्या आकड्यासारख्या वळणामुळे ओळखू येते. ती आणि फिस्ट्यूला एकाच फांदीवर असतील, तर सोडलेला पदार्थ तिच्यात शिरून पाय कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. अशा वेळी एम्बोलायझेशन टाळून शस्त्रक्रिया करणे हाच सुज्ञ मार्ग आहे.

शस्त्रक्रियेबद्दल अकारण धास्ती बाळगू नये. ड्युरल फिस्ट्यूलासाठी ती तुलनेने मर्यादित स्वरूपाची असते : मणक्याच्या मागच्या हाडाचा लहानसा भाग काढून, आवरण उघडून, ती एक शीर जाळून किंवा क्लिप लावून तोडली जाते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात पहिल्या प्रयत्नात फिस्ट्यूला बंद होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत सुमारे 98 टक्के, तर एम्बोलायझेशनमध्ये सुमारे 46 टक्के आढळले होते. त्यानंतर नळ्या आणि पदार्थ दोन्ही पुष्कळ सुधारले आहेत आणि योग्य निवड केलेल्या रुग्णांत एम्बोलायझेशनचे यश त्याहून बरेच अधिक असते; तरीही पुन्हा सुरू होण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा जास्त राहते, हे मान्य करायला हवे. एम्बोलायझेशनची जमेची बाजू अशी की पाठीवर जखम होत नाही, रुग्ण लवकर उठतो, तपासणी आणि उपचार एकाच बैठकीत होऊ शकतात, आणि ते साधले नाही तरी शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो. काही वेळा तर प्रयत्न अपुरा राहिल्यास धमनीत एक लहान धातूचे वेटोळे, म्हणजे कॉइल, मुद्दाम ठेवले जाते, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी नेमका मणका क्ष-किरणांत सापडावा. माझ्या मते ‘टाका नको’ एवढ्याच कारणासाठी एम्बोलायझेशनचा आग्रह धरणे चुकीचे आहे; धमन्यांची रचना अनुकूल असेल तर ते निवडावे, नसेल तर सोडून द्यावे.

एव्हीएमचे गणित वेगळे असते. तेथे संपूर्ण गुंता बंद करणे हे ध्येय प्रत्येक वेळी ठेवता येत नाही. रक्तस्राव झालेला फुगवटा किंवा अधिक प्रवाहाचा भाग बंद करून धोका कमी करणे एवढेच उद्दिष्ट असू शकते आणि ते अनेक बैठकांत गाठावे लागते. तेव्हा ‘पूर्ण बरे करण्यासाठी की धोका कमी करण्यासाठी?’ असे थेट विचारून उत्तर समजून घ्यावे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आणखी काही बाबी स्पष्ट करून घ्याव्यात. फिस्ट्यूला सापडल्यास त्याच बैठकीत तो बंद करणार का, की पुन्हा बोलावणार? कोणता पदार्थ वापरणार? शिरेपर्यंत तो पोहोचला नाही, तर त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे का? ज्या रुग्णालयात नळीद्वारे उपचार करणारे इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारे न्यूरोसर्जन एकत्र बसून प्रतिमा पाहतात, तेथे या प्रश्नांची उत्तरे सहसा एकसारखी मिळतात.

दाखल होण्यापूर्वीची तयारी

सध्या सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी द्यावी. त्यात रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन, मधुमेहाच्या गोळ्या आणि काढे-चूर्णेही यावीत. रक्त पातळ करणारे औषध कधी थांबवायचे, हे ज्या डॉक्टरांनी ते सुरू केले त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्यांनी तर ते स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. या तपासणीत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट बराच वापरला जात असल्याने मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आवश्यक असते. मूत्रपिंडाचे कार्य कमी असल्यास मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी प्रक्रियेच्या वेळी थांबवून, साधारण 48 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहून सुरू केली जाते.

पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल, तर ती आधीच सांगावी. अशा रुग्णांना एरवी प्रतिबंधासाठी स्टिरॉइड देतात. ड्युरल फिस्ट्यूलात त्याचा तोटा होण्याची शक्यता असल्यामुळे येथे दोन्ही बाजूंचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो आणि तो आयत्या वेळी टेबलावर घेण्यासारखा नाही. गर्भधारणेची शक्यता असल्यास तीही सांगावी, कारण पोटाच्या भागावर बराच वेळ क्ष-किरण पडतात.

पूर्ण भूल द्यायची असल्यामुळे सामान्यतः सहा तास आधीपासून अन्न आणि दोन तास आधीपासून पाणी बंद असते. भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम मानावी. दाखल होताना जुने सर्व एमआरआय सीडीसह न्यावेत, केवळ छापील अहवाल पुरेसे नाहीत. वर सांगितलेली आठवड्याची नोंदवहीही बरोबर घ्यावी.

कॅथ लॅबमध्ये काय घडते

प्रक्रियेपूर्वी परिचारिका दोन्ही पावलांवरची नाडी चाचपून तेथे पेनने खूण करतात, म्हणजे नंतर तीच नाडी पुन्हा झटपट तपासता येते. लघवीसाठी नळी घातली जाते. पूर्ण भूल देण्यामागे दोन कारणे आहेत : मज्जारज्जूच्या धमन्या अर्धा-एक मिलिमीटर जाडीच्या असल्याने श्वासाच्या हालचालीनेही प्रतिमा धूसर होते, म्हणून भूलतज्ज्ञ प्रत्येक प्रतिमेच्या वेळी श्वास काही क्षण रोखून धरतात, आणि पदार्थ सोडताना रुग्ण दचकून हलला, तर परिणाम गंभीर होऊ शकतो. आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबवण्यासाठीही औषध दिले जाते. काही केंद्रांत, विशेषतः एव्हीएमच्या उपचारांत, हातापायांकडे जाणाऱ्या विद्युत संदेशांवर सतत लक्ष ठेवले जाते. धमनीत आधी अल्पकाळ टिकणारे भुलीचे औषध सोडून ते संदेश क्षीण होतात का हे पाहतात, आणि झाले तर त्या वाटेने पुढे जात नाहीत.

जांघेतील धमनीत सुई घालून साधारण पावणेदोन मिलिमीटर जाडीची नळी महाधमनीत नेली जाते. फिस्ट्यूलाची धमनी सापडली की या नळीच्या आतून, एक मिलिमीटरहूनही बारीक असलेली सूक्ष्म नळी पुढे सरकवून जोडाच्या शक्य तितकी जवळ नेतात. आता पदार्थ सोडायचा असतो. सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे एनबीसीए हा द्रवरूप गोंद. रक्ताशी संपर्क आला की तो घट्ट होतो, म्हणून सूक्ष्म नळी आधी डेक्स्ट्रोजच्या द्रावणाने धुऊन घेतात. तिच्यात मीठयुक्त द्रव राहिला, तर गोंद नळीतच गोठतो. गोंदात लिपिओडॉल हे तेल मिसळले जाते. ते क्ष-किरणांत दिसते आणि त्याचे प्रमाण वाढवले की गोंद उशिरा घट्ट होतो. प्रवाह किती वेगवान आहे आणि अंतर किती आहे हे पाहून मिश्रणाचे प्रमाण ठरवावे लागते, आणि खरे कौशल्य येथेच लागते. गोंद फार लवकर गोठला तर धमनीतच अडकतो, फार उशिरा गोठला तर दूरच्या शिरांत वाहून जातो. सोडण्याची क्रिया काही सेकंदांची असते. पडद्यावर गडद रेघ धमनीतून जोडाकडे सरकते, जोड ओलांडून शिरेच्या सुरुवातीच्या भागात शिरते, आणि त्या क्षणी सूक्ष्म नळी झटकन मागे खेचून घेतली जाते, नाहीतर ती आतच चिकटून राहू शकते.

दुसरा पदार्थ ऑनिक्स. तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला असतो आणि टँटलम धातूच्या भुकटीमुळे पडद्यावर दिसतो. वापरण्यापूर्वी त्याची कुपी किमान 20 मिनिटे यंत्रावर हलवत ठेवावी लागते. तो हळूहळू, थांबत-थांबत ढकलता येतो. मात्र मज्जारज्जूच्या अतिबारीक धमन्यांत मागे सरकून येण्यासाठी त्याला पुरेशी जागा नसते, त्यामुळे अनेक तज्ज्ञ ड्युरल फिस्ट्यूलासाठी गोंदच पसंत करतात. पदार्थाचे कण किंवा केवळ कॉइल वापरून धमनी बंद केल्यास लक्षणे काही काळ सुधारतात, पण आजूबाजूच्या बारीक फांद्या जोडाला पुन्हा रक्त पुरवू लागतात. धमनी बंद झाली म्हणजे फिस्ट्यूला बंद झाला असे नव्हे. म्हणून प्रक्रियेनंतर विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : ‘गोंद शिरेच्या सुरुवातीच्या भागात पोहोचला का, आणि वरच्या, खालच्या व समोरच्या बाजूच्या धमन्यांत कॉन्ट्रास्ट सोडून पाहिले तेव्हा फिस्ट्यूला पुन्हा दिसला का?’ पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर काही महिने वाट पाहण्यापेक्षा लवकर शस्त्रक्रिया करून घेणे बहुधा हिताचे ठरते.

पहिला दिवस

जांघेतून प्रक्रिया झाली असेल, तर तो पाय चार ते सहा तास सरळ ठेवून पाठीवर पडून राहावे लागते. धमनी बंद करणारे साधन वापरले असेल तर हा वेळ कमी होतो. खोकताना किंवा शिंकताना टोचणीच्या जागी हाताने दाब द्यावा. दर काही वेळाने परिचारिका पावलांची नाडी पाहतात आणि अंगठा वर-खाली करायला सांगतात. झोपेतून उठवल्याबद्दल कंटाळू नये. पायांची ताकद कमी होत आहे का, हे समजण्याचा दुसरा मार्ग नाही. टोचणीच्या जागी फुगवटा किंवा ओलसरपणा जाणवणे, पाय थंड अथवा फिकट पडणे, पायांत नव्याने अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, पाठीत तीव्र कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या फेरीची वाट न पाहता तत्काळ सांगावे.

ऑनिक्स वापरले असल्यास एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तो द्रावकाचा असतो आणि निरुपद्रवी असतो. नातेवाईक मात्र सूचना नसल्यास घाबरतात. काही रुग्णांत, फिस्ट्यूला नीट बंद झाल्यावरही, मंदावलेल्या शिरांत रक्त गोठत गेल्यामुळे पायांची ताकद पहिल्या काही दिवसांत कमी होते. हे टाळण्यासाठी काही डॉक्टर थोड्या काळासाठी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात. घरी आल्यानंतरही असा बदल दिसला, तर ‘औषधाचा परिणाम असेल’ असे म्हणून थांबू नये.

घरी आल्यावर

आठवडाभर जड वजन उचलणे आणि शौचाला जोर करणे टाळावे. बद्धकोष्ठतेसाठी औषध आधीच मागून घ्यावे. टोचणीची जागा दुसऱ्या दिवसापासून धुता येते, पण टबमध्ये किंवा पोहण्याच्या तलावात आठवडाभर बसू नये. फिजिओथेरपी लवकर सुरू करावी. सुजलेला मज्जारज्जू पूर्ववत होण्यास काही महिने लागतात आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही. साधारणपणे चालणे आधी आणि अधिक सुधारते. बधिरपणा, वेदना व मूत्राशयाचा ताबा यांत सुधारणा कमी होते. उपचारापूर्वी काठीने चालणाऱ्याला उपचारानंतर काठी सुटण्याची आशा असते. दीर्घकाळ खुर्चीत असलेल्याच्या बाबतीत आहे ती स्थिती टिकवणे हेही यश मानावे लागते. निदानाला झालेला उशीर गोंदाने भरून निघत नाही, हे कुटुंबीयांनी लक्षात घेतले तर रुग्णावर अकारण दडपण येत नाही.

मूत्राशयाकडे विशेष लक्ष हवे. लघवी होऊन गेल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीने तपासून घ्यावे. बरीच उरत असेल तर स्वच्छ नळीने ठरावीक वेळी लघवी काढण्याची पद्धत शिकून घ्यावी. एका वेळी मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटरहून अधिक साठू न देणे हा त्याचा साधा नियम. पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण भाजल्याचे कळत नाही. रोज रात्री टाचा आणि बैठकीची त्वचा पाहावी किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावी.

फेरतपासणी

बहुतेक केंद्रे तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय करतात. मज्जारज्जूतील पांढरा पट्टा तोपर्यंत आखूड झालेला असावा, अशी अपेक्षा असते. तो पूर्णपणे जाईलच असे नाही आणि थोडा उरला म्हणून उपचार फसला असाही अर्थ होत नाही. एम्बोलायझेशन झालेल्यांना डीएसए पुन्हा करण्याचा सल्ला दिला जातो, कारण बारीक फांद्यांतून सुरू झालेला प्रवाह एमआरआयमध्ये सुटू शकतो. अमिनॉफ-लॉग नोंद या काळात चालू ठेवावी. कमी होत गेलेला आकडा पुन्हा एका श्रेणीने वाढला, म्हणजे स्थिती बिघडली, तर एमआरआय ठीक दिसत असला तरी डीएसएचा आग्रह धरावा, आणि शक्यतो पहिली प्रक्रिया जेथे झाली तेथेच ती करावी, कारण त्या प्रतिमांशी तुलना करता येते.

गोंद, ऑनिक्स आणि सध्या वापरल्या जाणाऱ्या प्लॅटिनम कॉइल यांमुळे पुढे एमआरआय करण्यास सहसा अडथळा येत नाही. परंतु टँटलममुळे सीटी स्कॅनच्या प्रतिमेत चमकदार रेघा उमटतात आणि मागचा भाग झाकला जातो. म्हणून वापरलेल्या पदार्थाचे नाव, फिस्ट्यूलाची पातळी व बाजू, आणि प्रक्रियेची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी, व पुढे कोणत्याही कारणाने पाठीचा स्कॅन काढण्याची वेळ आली तर ते कार्ड तंत्रज्ञाला आधी दाखवावे.